गूगलसमोर इतकी सर्च इंजिनं आली, मग बसली का?

तुम्ही एका दमात तीन प्रश्न विचारले आहेत: गूगलला टक्कर द्यायला आलेली इंजिनं एकामागून एक का बसली, एआयमुळे गूगलच्या मक्तेदारीला आता खरंच फट पडली आहे का, आणि पडली असेल तर मराठीसाठी वेगळं सर्च इंजिन काढायचा तुमचा विचार वेडेपणाचा आहे का. मी वीसेक वर्षं याच धंद्यात आहे. सुरुवातीला क्रॉलर, म्हणजे वेबवर फिरून पानं गोळा करणारे प्रोग्राम लिहिले, नंतर मराठी मजकुराच्या साइटांचा शोध-विभाग सांभाळला. त्यामुळे उत्तर लांबेल, आणि तिसऱ्या प्रश्नावर जरा जास्तच लांबेल.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. चांगलं इंजिन आपोआप जिंकतं असं समजून लोक यात पडतात. तसं झालं, पण एकदाच, १९९८ ते २००२ च्या दरम्यान. त्या वेळी लोकांच्या दारात कोणी ठाण मांडून बसलेलं नव्हतं.

१९९४ साली स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी सुरू केलेलं याहू म्हणजे मुळात एक यादी होती. माणसं साइट बघायची आणि योग्य त्या खणात ठेवायची, ग्रंथालयात ठेवतात तशी. वेब फुगत गेलं तशी माणसं कमी पडू लागली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पालो आल्टोमधल्या संशोधकांनी डिसेंबर १९९५ मध्ये आल्टाव्हिस्टा आणलं. ते भन्नाट वेगवान होतं, पानातला शब्द न् शब्द त्याच्या इंडेक्समध्ये, म्हणजे शोधसूचीत असायचा. पण कोणतं पान वर दाखवायचं हे ठरवताना ते मुख्यतः पानावरचे शब्दच बघायचं. मग काय, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात एकच शब्द दोनशे वेळा लिहिणारे निघाले आणि ते वर चढले.

लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी बघायची जागा बदलली. गावात चांगला वैद्य कोण हे त्याच्या पाटीवरून कळत नाही, जाणती माणसं कोणाकडे पाठवतात त्यावरून कळतं. शिवाय पाठवणाऱ्याच्या शब्दाला गावात किती वजन आहे तेही बघावं लागतं. पेजरँक हे याचंच गणित आहे: लिंक म्हणजे शिफारस, आणि वजनदाराची शिफारस जास्त वजनाची. ही कल्पना एकट्या त्यांनाच सुचली असंही नाही. रॉबिन ली यांनी १९९६ मध्येच लिंकांवर आधारलेलं रँकडेक्स केलं होतं, पुढे २००० साली त्यांनी चीनमध्ये बायडू काढलं.

आता गंमत बघा. १९९९ मध्ये एक्साइट या पोर्टलला (शोध, बातम्या, मेल सगळं एका जागी देणाऱ्या साइटला) गूगल साडेसात लाख डॉलरच्या आसपास विकत मिळत होतं, त्यांनी घेतलं नाही. आज सगळे हसतात, पण त्या काळच्या पोर्टलांचा हिशेबच निराळा होता. माणूस आपल्या पानावर जितका रेंगाळेल तितक्या जाहिराती दिसणार. चांगला शोध माणसाला दोन सेकंदांत दुसरीकडे धाडतो. म्हणजे आपल्याच दुकानातलं गिऱ्हाईक शेजारच्याकडे पाठवायचं यंत्र विकत घ्या, असं त्यांना कोणीतरी सांगत होतं. या विचारापायी आल्टाव्हिस्टाही पोर्टल व्हायला गेलं आणि शोधही हातचा गेला.

याहूची चूक मात्र मला एक्साइटपेक्षा मोठी वाटते. जून २००० मध्ये याहूने आपल्या पानावर गूगलचे निकाल दाखवायला सुरुवात केली आणि २००४ पर्यंत ते चालू होतं. जवळजवळ चार वर्षं जगातल्या सर्वांत गजबजलेल्या दारातून येणारे प्रश्न याहू स्वतः उचलून गूगलला देत होतं. याहूने मग इंकटोमी हे सर्च इंजिन घेतलं, ओव्हर्चर ही शोधजाहिरातींची कंपनी घेतली, त्याबरोबर आल्टाव्हिस्टाही पदरात पडलं, पण तोवर लॉग, म्हणजे लोकांच्या शोधांची नोंदवही, भलत्याच्या घरी जमा झाला होता.

लॉग म्हणजे काय ते एकदा जवळून बघा, कारण सगळी मेख तिथे आहे. समजा एक शेतकरी टाकतो, ‘कांदा रोप मर’. पहिला निकाल कांद्याच्या बाजारभावाचा. तो उघडतो, चार सेकंदांत मागे येतो. तिसरा उघडतो, त्यात मर रोगाची माहिती आहे, आणि मग तो परतच येत नाही. इंजिनाने टिपून ठेवलं: या प्रश्नाला तिसरा निकाल बरा. दुसरा रोमनमध्ये ‘kanda rop mar rog’ टाकतो, तिसरा ‘कांद्याची रोपं मरतात उपाय’ असं सगळं वाक्यच टाकतो आणि तेच पान उघडतो. इंजिनाला कोणी व्याकरण शिकवलेलं नाही, तरी या तिन्ही प्रश्नांचं गोत्र एकच हे त्याला कळलं. एखादा चुकीचं लिहून लगेच स्वतःच दुरुस्त करतो, म्हणजे शुद्धलेखनाचा धडाही फुकट मिळाला. हे रोज, अब्जावधी वेळा. ज्याच्याकडे लोक जास्त त्याचं इंजिन चांगलं, आणि ज्याचं इंजिन चांगलं त्याच्याकडे लोक जास्त. नवा येतो तो या चक्राच्या बाहेर उभा असतो.

‘हवामान’ किंवा ‘क्रिकेट स्कोअर’ विचारलात तर बिंग आणि गूगल यांच्यात डावंउजवं करायला फारसं काही सापडणार नाही. फरक पडतो तो महिन्यातून दोनदा विचारल्या जाणाऱ्या आडवळणी प्रश्नांना, आणि असे प्रश्नच मोजायला गेलं तर प्रचंड असतात. मायक्रोसॉफ्टने जून २००९ मध्ये बिंग आणलं तेव्हा पैसा, माणसं, मशिनं कशालाच तोटा नव्हता. तोटा होता तो या आडवळणी प्रश्नांच्या लॉगचा. त्याआधी वर्षभर, जुलै २००८ मध्ये, गूगलमधूनच बाहेर पडलेल्या मंडळींनी कुईल काढलं आणि १२० अब्ज पानांचा इंडेक्स असल्याचा गाजावाजा केला. २०१० च्या सप्टेंबरमध्ये ते बंद झालं. नुसती पानं गोळा करून भागत नाही, हे त्यांच्याइतकं महागात कोणी शिकलं नसेल.

लॉग ज्याच्यामुळे जमतो ते म्हणजे दार. फोन विकत घेतला, ब्राउझर उघडला, वरच्या पट्टीत शब्द टाकला. तो कुठे गेला? बहुतेकांना माहीत नसतं आणि त्यांचं काही अडतही नाही. या पट्टीसाठी गूगलने २०२१ या एका वर्षात सगळ्यांना मिळून २६.३ अब्ज डॉलर मोजले. २०२२ मध्ये एकट्या ॲपलला २० अब्ज. हे आकडे अमेरिकी सरकारच्या खटल्यातून बाहेर आले. ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. त्या निकालातला मला सर्वांत बोलका वाटलेला तपशील वेगळाच आहे: मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरवर, जिथे बिंग आधीपासून बसवलेलं असतं, तिथले साधारण ८० टक्के शोध बिंगवरच होतात. म्हणजे इतरत्र ज्याला कोणी हुंगत नाही ते दारात बसवलं की चालतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१४ मध्ये मोझिलाने अमेरिकेत आपल्या फायरफॉक्स ब्राउझरवर गूगल काढून याहू बसवलं. पुष्कळ लोकांनी सेटिंगमध्ये जाऊन गूगल परत आणलं, आणि २०१७ मध्ये मोझिलाने करारच मोडला. गूगलचे वकील हे उदाहरण हमखास देतात, आणि ते खोटं नाही. दार मिळालं तरी आतला माल बरा लागतो. पण माल बरा करायला लॉग लागतो आणि लॉगसाठी दार. नीवा हे पैसे भरून वापरायचं सर्च इंजिन काढणारे श्रीधर रामस्वामी तर गूगलच्या जाहिरात विभागाचे माजी प्रमुख. २०२३ मध्ये नीवा गुंडाळताना त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की इंजिन बनवणं जमलं, लोकांना पैसे द्यायला पटवणंही त्या मानाने सोपं गेलं, जड गेलं ते मुळात नवं इंजिन वापरून बघायला लावणं.

भारतातही गूगलवर कारवाई झालीच. स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये शोधनिकालांतल्या पक्षपातासाठी गूगलला १३५.८६ कोटींचा आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटींचा दंड केला. त्यानंतर नव्या फोनांवर सर्च इंजिन निवडायचा पडदा द्यायचं गूगलने जाहीर केलं. माझं स्पष्ट मत, अशा पडद्याने फार काही होत नाही. आपल्याकडे ‘गूगल कर’ हे क्रियापद झालंय. नव्या फोनवर पाच चित्रं दिसली तर माणूस ओळखीच्या चित्रावरच बोट ठेवणार.

मग गूगल कुठे अडलंच नाही का? अडलं, आणि ते जिथे अडलं ती ठिकाणं तुमच्या कामाची आहेत. रशियात यांडेक्स १९९७ पासून आहे. रशियन नामं आपल्यासारखीच विभक्तीने रूप बदलतात, आणि शब्द कुठल्याही रूपात टाकला तरी बाकीची रूपं शोधून देणं हे यांडेक्सने पहिल्यापासून जमवलं. चेक लोकांचं सेझनाम १९९६ चं, तेही तसंच बरीच वर्षं गूगलच्या पुढे होतं. दक्षिण कोरियाच्या नेव्हरची गोष्ट आणखी वेगळी. कोरियन भाषेत शोधून सापडावं इतका मजकूरच वेबवर नव्हता. म्हणून त्यांनी २००२ मध्ये लोकांनी विचारायचं आणि लोकांनीच उत्तरं लिहायची अशी सेवा काढली. शोधायला काही नव्हतं, म्हणून आधी मजकूर पिकवला आणि मग तो शोधून दिला.

आता मराठी. आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. मुंबईच्या राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डची ‘खोज’ ही भारतीय साइटांची यादी होती. १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड ४९९ कोटींना घेतलं तेव्हा पेपरांत मोठे मथळे आले होते. २००६ मध्ये बंगळुरूहून गुरुजी आलं, काही वर्षांत मावळलं. सरकारी निधीतून आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने ‘संधान’ झालं, त्यात मराठी होती. चांगलं संशोधन झालं, पण सामान्य माणसाच्या दारात ते कधी पोचलं नाही.

भाषेच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि त्या आजही पुरत्या सुटलेल्या नाहीत. ‘विहीर’ शोधा, मजकुरात ‘विहिरीत’, ‘विहिरींचं’, ‘विहिरीजवळच्या’ असतं. नुसता शेपटाचा प्रत्यय छाटून चालत नाही, आतली ‘ही’ ऱ्हस्व झालेली असते. ‘पाणी’चं ‘पाण्यावरून’ होतं, ‘सून’चं ‘सुनेला’. छाटायला बसलात की ‘मान’ आणि ‘मानाचा’ एका ओळीत येतात, एक गळ्याची आणि दुसरा पालखीचा.

दुसरं, २००८-१० च्या आधीचा ढीगभर मराठी मजकूर वेबवर होता, पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत नव्हता. प्रत्येक वर्तमानपत्राचा आपला फाँट. पडद्यावर देवनागरी दिसायची, फायलीत निरर्थक रोमन चिन्हं. क्रॉलरने त्यात काय शोधायचं? त्यातलं किती तरी नंतर बदललंच गेलं नाही आणि सर्व्हर बंद पडल्यावर हरवलं.

तिसरी गोष्ट मला स्वतःला नडलेली. एका मराठी साप्ताहिकाच्या संग्रहाचा शोध मी बसवत होतो. संपादकबाईंचा फोन आला, “अहो, ‘दुसऱ्या’ टाकलं तर एकही लेख येत नाही. आमच्या इतक्या वर्षांत आम्ही ‘दुसऱ्या’ हा शब्द वापरलाच नाही का?” माझ्या पडद्यावर दोन्हीकडे तोच शब्द, टिंबाचाही फरक नाही. शेवटी बाइट उघडून बसलो. संग्रह टाइप करणाऱ्यांच्या कीबोर्डने तो साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे शून्य रुंदीचं जोडचिन्ह लावून लिहिला होता, बाईंच्या कीबोर्डने वेगळा ‘ऱ’ वापरून. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला दोन परके शब्द. शिवाय जोडचिन्ह राहिलेले ‘दुसर्या’ होतेच काही शेकडा. ‘ॲ’ची तीच तऱ्हा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी कोणी ‘ऍ’ वापरायचं, कोणी ‘अ’वर चंद्र चिकटवायचं. एका ‘ॲम्ब्युलन्स’च्या तीन जाती. हे सगळं इंडेक्समध्ये जाण्याआधी एका साच्यात आणायला मला दोन दिवस लागले. दोन महिन्यांपूर्वी केलेल्या रँकिंगच्या (निकालांचा क्रम लावण्याच्या) महागड्या सुधारणेपेक्षा या दोन दिवसांनी जास्त फरक पडला.

आता एआय. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं, ७ फेब्रुवारी २०२३ ला मायक्रोसॉफ्टने ते तंत्र बिंगमध्ये घातलं. गूगलने घाईघाईत दाखवलेल्या आपल्या बार्ड या चॅटबॉटच्या जाहिरातीत जेम्स वेब दुर्बिणीबद्दल चूक निघाली आणि गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिचं बाजारमूल्य एका दिवसात सुमारे १०० अब्ज डॉलरने घसरलं. सगळ्यांनी गूगलचं तेरावं घालायची तयारी केली. बिंगचा वाटा मात्र जेमतेम हलला. पुन्हा तेच, दार बदललं नव्हतं.

खरा बदल दुसरीकडून आला. लोक पट्टीत शब्द टाकण्याऐवजी थेट वेगळं ॲप उघडू लागले. मे २०२५ मध्ये ॲपलचे वरिष्ठ अधिकारी एडी क्यू यांनी न्यायालयात सांगितलं की ॲपलच्या सफारी ब्राउझरवरचे शोध एप्रिलमध्ये पहिल्यांदाच कमी झाले. त्या दिवशी अल्फाबेटचा शेअर सात टक्क्यांहून जास्त पडला. सप्टेंबर २०२५ मध्ये मेहता यांनी उपाय ठरवले तेही एआयची स्पर्धा डोळ्यांपुढे ठेवूनच: क्रोम ब्राउझर विकायला लावला नाही, पैसे देऊन जागा मिळवण्यावर सरसकट बंदी नाही, पण दुसऱ्याला शिरकावच नाही असे करार चालणार नाहीत, आणि इंडेक्सचा व वापरकर्त्यांच्या वागण्याचा काही डेटा पात्र स्पर्धकांना द्यावा लागेल. म्हणजे न्यायालयाने हात घातला तो दारालाच आणि लॉगलाच.

नव्यांचे डावही जुनेच आहेत. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या एआय शोध-ॲपची सशुल्क सेवा वर्षभर फुकट देऊ केली. याला मी तंत्रज्ञानाची झेप म्हणणार नाही, हा दारात चप्पल काढून ठेवण्याचा प्रकार आहे. आणि एक विसरू नका: ताजं उत्तर द्यायला एआयलाही कोणाचा तरी इंडेक्स लागतो. मोठे स्वतंत्र इंडेक्स जगात बोटांवर मोजण्याइतके आहेत. डकडकगो बराचसा बिंगच्या जिवावर चालतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने बिंगचा एपीआय, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रामला निकाल पुरवायची सोय, बाहेरच्या बहुतेकांसाठी बंद केला तेव्हा लहान इंजिनांची काय धावपळ झाली ती मी जवळून बघितली आहे. भाड्याच्या विहिरीवर शेती करू नये म्हणतात ते उगाच नाही.

मराठीत एआय अजून कच्चं आहे, आणि ते कच्चेपण फसवं आहे, कारण वाक्यं गुळगुळीत येतात. परवा एका एआय शोधाला मी विचारलं, “हलव्याचं कालवण कसं करायचं?” त्याने रवा तुपात भाजायला घेतला. कोकणातल्या कोणत्याही घरात हलवा म्हणजे मासा, संक्रांतीला हलवा म्हणजे साखरेचे काटेरी दाणे, आणि मिठाईच्या दुकानात तिसराच. ‘कालवण’ हा शब्द शेजारी असताना माणूस चुकणार नाही. जुनी दहा लिंकांची यादी असती तर निदान चौथी लिंक कुठल्यातरी मालवणी बाईंच्या पाककृतीची असती. आता एकच उत्तर येतं, ठाम आवाजात, आणि त्या बाईंच्या पानावर कोणी जातच नाही. तिकडे वाचक गेले नाहीत तर त्या पुढची पाककृती लिहितील कशाला, आणि त्यांनी लिहिली नाही तर एआय हलव्याचं कालवण शिकणार कुठून?

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: सगळ्या वेबवरचं मराठी सर्च इंजिन काढू नका. ना दार मिळेल ना लॉग, आणि सर्व्हरचं बिल घरदार बुडवेल. पण नेव्हरकडून एक उचला. जो मजकूर गूगलला दिसतच नाही तो धरा: एखाद्या जिल्हा ग्रंथालयातले दिवाळी अंकांचे गठ्ठे, बंद पडलेल्या नियतकालिकांच्या जुन्या फाँटातल्या फायली, शेतीच्या एका पिकाची सगळी माहिती. रीतसर परवानगी घेऊन तो युनिकोडमध्ये आणा. दारही तिथलंच शोधा: ग्रंथालयाचा टेबलावरचा संगणक, शेतकरी गटाचा व्हॉट्सॲप क्रमांक. जिथे लोक आधीच येतात तिथे बसा, त्यांना नव्या पत्त्यावर बोलावू नका.

रँकिंगचं मॉडेल कोणतं, हे पहिले सहा महिने मला विचारू नका. पहिल्या आठवड्यात फक्त एक फाइल काढा: ज्या शोधांना शून्य निकाल आले त्यांची यादी, किती वेळा आले त्या क्रमाने. प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. वरच्या दहांत एखादा ‘ऱ्या’वाला शब्द निघाला नाही तर पुढच्या भेटीत चहा माझ्याकडून.